गबदुले झोपले की आपण जिंकलो

वजनकाटे तपासणाऱ्या माणसाने हसू नये असा काही कायदा नाही, पण चिंगीने तो स्वतःपुरता करून घेतला होता. ऑफिसात तिला मॅडम म्हणत, बाजारात ती दिसली की दुकानदार एकमेकांना डोळ्यांनी खुणावत, आणि चिंगी म्हणायची हिंमत अख्ख्या जगात एकट्या तिच्या दादाची होती. तिच्या कानावर जात नाही तोवर आपणही चिंगीच म्हणू.

त्या मंगळवारी ती जुन्या यंत्रांच्या एका दुकानात तपासणीला गेली. दुकान एका बाईचं होतं. अंबाड्यात स्क्रूड्रायव्हर खोचून ती मोडके रेडिओ, टाइपरायटर आणि व्हिडिओ गेमची जुनी यंत्रं दुरुस्त करून विकायची, आणि लोकांकडून तांब्याच्या तारा किलोवर घ्यायची. किलो आला की काटा आला, आणि काटा आला की चिंगी आलीच. तिने मखमली खणांची पेटी उघडली आणि चकचकीत वजनं चिमट्याने उचलून एकेक करून काट्यावर ठेवायला घेतली. बोट लावायचं नाही, बोटाच्या घामालाही वजन असतं, हे ती प्रत्येक दुकानात न चुकता ऐकवायची. वीस ग्रॅम बरोबर निघालं. पन्नास बरोबर निघालं. शंभरचं वजन चिमट्यात असताना तिची नजर सहज वर गेली आणि तिथेच अडकली.

वरच्या फळीवर, काचेच्या कपाटात, एक खोका उभा होता. खोक्यावर आगगाडीचं चित्र होतं. गाडीच्या आठ खिडक्यांतून आठ गोल, केसाळ, बिनमानेची डोकी बाहेर डोकावत होती, आणि त्यातलं एक शिंकत होतं.

चिंगीच्या हातून वजन पडलं. सोळा वर्षांच्या नोकरीत पहिल्यांदा. ते घरंगळत टेबलाखाली गेलं, आणि मॅडमनी ते गुडघ्यांवर बसून शोधलं, चक्क बोटांनी उचललं आणि पदराला पुसून पेटीत टाकलं.

आता ही डोकी कुणाची, ते सांगायला हवं. चिंगीच्या लहानपणी एक व्हिडिओ गेम फार गाजला होता. त्यात चिलखतातला एक योद्धा काळ्या बुरुजात शिरून दिसेल त्याला कापत सुटायचा. बुरुजाच्या पहिल्याच दारावर आठ केसाळ गोळे पहाऱ्याला असायचे. योद्ध्याची लाथ बसली की ते हवेत विरून जायचे. एवढंच त्यांचं काम. पण त्यांचे डोळे इतके मोठे आणि चेहरे इतके बावळट होते की लोकांना लाथ मारवेना. कंपनीने संधी साधली आणि त्या आठ पहारेकऱ्यांचे वेगळेच खेळ काढले, ज्यात रक्त नाही, तलवार नाही आणि योद्ध्याचा तर पत्ताच नाही. युद्धाच्या सिनेमातल्या घोड्यांनी लढाई सोडून हॉटेल काढावं, तसलाच प्रकार. पहिल्या भागात ते पोस्ट चालवायचे, दुसऱ्यात धोबीखाना आणि तिसऱ्यात आगगाडी. खेळ दूरदेशीचा, अक्षरं मुंग्यांच्या रांगांसारखी, त्यामुळे त्यांचं खरं नाव काय ते या भावंडांना कधीच कळलं नाही. दादाने त्यांना गबदुले म्हटलं आणि ते गबदुले झाले.

चिंगी तेव्हा सहा वर्षांची होती आणि दादा नऊ. योद्ध्याच्या खेळाला आईची सक्त मनाई, गबदुल्यांना मात्र परवानगी. पोस्टात वरच्या नळीतून पत्रं पडायची, गबदुले ती उचलून खणांत नेऊन टाकायचे, दमायचे, जांभई द्यायचे. जांभई दिली की बटण दाबून त्यांना थोपटायचं. असं थोपटत थोपटत आठही जण झोपले की दिवे मालवायचे, खिडकीत चंद्र यायचा, चार सुरांची एक अंगाई वाजायची आणि मोठी अक्षरं झळकायची. ती अक्षरं पहिल्यांदा दादाने वाचून दाखवली होती. 'शाब्बास, तुम्ही जिंकलात.' त्यावर चिंगी दोन्ही हात वर करून स्वयंपाकघरापर्यंत पळत जायची आणि परत यायची. तीन वर्षं ती दोघं रोज जिंकली. पुढे कुणी विचारो न विचारो, ती सांगायची की लहानपणी आम्ही गबदुल्यांचे चॅम्पियन होतो.

बाकी कशात ती चॅम्पियन नव्हती, आणि हरणं तर तिला मुळीच सोसायचं नाही. पत्त्यांत हरली की पत्ते लपवायची. धावण्यात हरली की रेघच वाकडी आखली होती म्हणायची, आणि पट्टी आणून ती मोजायची. पडलं तरी नाक वर, असं आई म्हणायची. मोठेपणी तिने खेळणंच सोडून दिलं, म्हणजे प्रश्न मिटला.

तिसरा भाग निघाला त्या वर्षी दादाची मोठी परीक्षा होती. बाबांनी यंत्र उचलून कुणाला तरी देऊन टाकलं. आगगाडीचं चित्र तेवढं एका दुकानाच्या काचेत लागलं होतं आणि चिंगी महिनाभर शाळेतून येताना त्या काचेला नाक लावून उभी राहिली होती. मग एक दिवस चित्रही गेलं. बत्तीस वर्षांनी ते असं अवचित समोर आल्यावर वजन हातात राहील तरच नवल.

दुकानदार बाई म्हणाल्या की हा विकायचा नाही. येत्या रविवारी दुपारी दुकानात पहिल्या भागाची स्पर्धा आहे, जोड्यांची, आणि जिंकेल त्या जोडीला हा मिळणार. चिंगीने काटा बरोबर असल्याचा शिक्का मारण्याआधी स्पर्धेचा अर्ज भरला. जोडीदाराच्या रकान्यात तिने दादाचं नाव घातलं, त्याला न विचारता.

दादा भूलतज्ज्ञ होता. शस्त्रक्रियेआधी माणसांना झोपवायचं आणि नंतर धडपणे उठवायचं, हे त्याचं रोजचं काम. स्वभावाने इतका शांत की त्याच्या नुसत्या आवाजानेच निम्मे पेशंट पेंगायला लागतात, असं नर्सबाई म्हणत. पण फोनवर चिंगीने ही बातमी दिल्यावर तो शांत राहिला नाही. आधी म्हणाला रविवारी ड्युटी आहे. मग म्हणाला पाठ धरली आहे. मग म्हणाला, अगं, आपण आता म्हातारे झालो, पोरंटोरं हसतील. चव्वेचाळीस वर्षांचा म्हातारा! चिंगीने त्याची सगळी निमित्तं एकेक करून निकालात काढली आणि फोन ठेवला. आपण चॅम्पियन होतो, मग हा घाबरतोय कशाला, हे काही तिच्या ध्यानात आलं नाही. आनंदाने ती इतकी फुगली होती की घरी जाताना एक थांबा पुढे गेली.

रविवारी दुकानात चार जोड्या जमल्या. दोन टाइपरायटरच्या मधोमध टीव्ही ठेवला होता, समोर दोन स्टुलं. जोड्यांत एक नवरा-बायको होते, दोघंही बस चालवणारे, आणि त्यांच्या बोटांकडे पाहूनच कळत होतं की ही मंडळी मुरलेली आहेत. दुकानदार बाईंनी सांगितलं की पाच मिनिटांत जास्त पत्रं पोचवेल ती जोडी जिंकली. आधी प्रत्येकाला एक सरावाचा डाव मिळेल, तो धरायचा नाही.

पत्रं मोजतात हे ऐकून चिंगीला जरा नवल वाटलं. आजकाल काहीही मोजतात, असं म्हणून ती पुढे झाली. स्टुलावर बसली, कंट्रोलर हातात घेतला, आणि पडद्यावर ते आठ जण लुटुलुटु येऊन ओळीत उभे राहिले तेव्हा ती स्टूल सरकवून पडद्याच्या आणखी जवळ गेली. ती सगळ्यांना ओळखत होती. हा मास्तर, ही लाजरी, हा घोरक्या, ही शिंकरी. ती पुटपुटत त्यांची नावं घेत होती आणि शेजारी दादा घामाघूम होत होता.

डाव सुरू झाला आणि चिंगीने कमाल केली. एकेका गबदुल्याला गाठून तिने असं थोपटलं की एक मिनिट चाळीस सेकंदांत आठही जण ढाराढूर. दिवे गेले, चंद्र आला, अंगाई वाजली. चिंगी स्टुलावरून उठली, दोन्ही हात वर केले आणि दुकानभर पाहिलं. टाळी एकही वाजली नाही.

"मॅडम," दुकानदार बाई अगदी जपून म्हणाल्या, "तुमचं पोस्ट बंद पडलं."

चिंगी म्हणाली, बंद पडलं म्हणजे काय, आठही झोपले ना? बाई म्हणाल्या, म्हणून तर. टीव्हीशेजारी त्यांनी एक कागद चिकटवला होता, खेळातल्या सगळ्या वाक्यांचं भाषांतर. पाचव्या ओळीत लिहिलं होतं, 'सगळे झोपले. पोस्ट बंद. पुन्हा प्रयत्न करा.' चिंगीने ते दोनदा वाचलं. मग हे भाषांतर कुणी प्रमाणित केलं आहे, असं तिने विचारलं, कारण सवय जात नाही. बाईंनी खणातून खेळाबरोबरची मूळ पुस्तिका काढून समोर धरली. त्यात झोपलेल्या आठ गबदुल्यांचं चित्र होतं आणि चित्रावर भली मोठी लाल फुली. फुलीला भाषांतर लागत नाही.

चिंगी सावकाश वळली. दादा छताच्या पंख्याचा अभ्यास करत होता.

"दादा, तुला ती भाषा येते ना?"

"एक अक्षर येत नाही."

"मग मला वाचून काय दाखवलंस?"

"मी पुस्तिकेतली चित्रं बघायचो," दादा म्हणाला. "आणि मग तुझ्याकडे बघायचो."

बिंग असं चारचौघांत फुटल्यावर दादाने सगळं सांगून टाकलं. खेळ घरी आला त्या पहिल्या दिवशी पोस्ट बंद पडून खेळ मध्येच थांबला, आणि चिंगीने असं भोकाड पसरलं की वरच्या मजल्यावरचे लोक धावत खाली आले. आई म्हणाली, पुन्हा एकदा रडणं ऐकू आलं तर यंत्र दुकानात परत. दुसऱ्या दिवशी परत पोस्ट बंद पडलं, चिंगीचा खालचा ओठ बाहेर आला, आणि दादाने घाईघाईत वाचून टाकलं, 'शाब्बास, तुम्ही जिंकलात.' उगाच थोरपणा नको, असंही तो म्हणाला. त्याला यंत्र हवं होतं. चिंगी गप्प बसली तर यंत्र राहणार, एवढाच त्याचा हिशेब होता.

चिंगीला हसावं की रडावं कळेना. तीन वर्षं! हजारभर वेळा आपण हरलो आणि हजार वेळा हात वर करून स्वयंपाकघरापर्यंत पळालो. शाळेत सांगितलं, ऑफिसात सांगितलं, लग्न ठरताना नवऱ्याला सांगितलं. तिला स्वतःची इतकी लाज वाटली, आणि त्या लाजेच्या बुडाशी इतकं हसू उकळत होतं, की तिने कंट्रोलर गच्च आवळून धरला.

"तुला कधीच जिंकावंसं वाटलं नाही?" तिने विचारलं.

"एकदा जिंकलो होतो. तू तापाने झोपली होतीस, तेव्हा एकटाच खेळलो." दादाने चष्मा पुसला. "काही मजा नाही गं. नुसता एक भोंगा वाजतो आणि आकडा येतो. चंद्रबिंद्र काही नाही. मग मी पुन्हा सुरू केलं आणि सगळ्यांना झोपवलं."

बसवाल्या बाईंनी नाक शिंकरलं. त्यांच्या नवऱ्याने त्यांना डोळ्यांनी दटावलं, कारण शेवटी स्पर्धा होती.

आणि स्पर्धेचं काय? सरावाचा डाव धरायचा नव्हता, पण खऱ्या डावाला आता वीसच मिनिटं होती, आणि चिंगीला जन्मात एकही पत्र वेळेवर पोचवायचा अनुभव नव्हता. वर कपाटात आगगाडी उभी होती. ही गेली की संपलं, पुन्हा काही असा खोका दिसायचा नाही. चिंगी दादाला म्हणाली की आपण परत जाऊ या, हरायचं ठरलेलंच आहे तर लोकांसमोर कशाला. बत्तीस वर्षांत तिने केलेली ही पहिलीच माघार असेल.

दादाने मात्र आता स्टूल पुढे ओढलं. ऑपरेशनच्या खोलीत वापरायचा तो आवाज काढून तो म्हणाला, "चिंगे, हे बघ. झोपवणं सोपं असतं. कोण कधी झोपणार हे ज्याला आधी कळतं त्यालाच जागं ठेवता येतं, मी रोज तेच करतो. या आठ जणांना आपल्याइतकं कुणी झोपवलंय का?"

कुणीच नव्हतं झोपवलं. शहाण्या खेळाडूंनी गबदुल्यांना कधी नीट झोपूच दिलं नव्हतं, तर ते झोपतात कसे हे त्यांना काय कळणार? मास्तर दोन जांभयांनंतर झोपतो, पण दुसरी जांभई तो पाठ फिरवून देतो. लाजरी शेजारचा झोपला की झोपते. घोरक्या डोळे मिटतो ते नुसतं सोंग असतं, त्याच्यावर वेळ घालवायचा नाही. शिंकरी शिंकली की दहा मोजेपर्यंत टक्क जागी. हे सगळं चिंगीच्या बोटांना पाठ होतं. फक्त थोपटायच्या बटणाऐवजी आता शेजारचं, गुदगुल्यांचं बटण दाबायचं होतं. ते तिने आयुष्यात कधी दाबलं नव्हतं.

बसवाल्यांनी एकशे बारा पत्रं पोचवली आणि दुकानात कौतुकाची कुजबुज झाली. मग ही दोघं बसली. पहिल्या मिनिटात चिंगीने सवयीने दोघांना झोपवलं आणि दादाने त्यांना उठवलं. दुसऱ्या मिनिटात तिचा जम बसला. मास्तरने पाठ फिरवली रे फिरवली की तिची गुदगुली पोचलेली असायची, आणि मास्तर खुदकन हसून पत्र घेऊन पळायचा. गबदुले हसतात हे चिंगीला माहीतच नव्हतं! इतक्या वर्षांच्या ओळखीत तिने त्यांना फक्त पेंगताना पाहिलं होतं. एकेक जण हसला की तीही हसायची. वजनमापांच्या मॅडम खिंकाळतायत म्हटल्यावर बाकीच्या जोड्या पडदा सोडून तिच्याकडेच बघायला लागल्या. दादा शेजारून शांतपणे सांगत होता, लाजरी बघ, उजवीकडे, आता शिंकरी, सोड तिला, दहा मोज, आणि चिंगी मोजत होती, हसत होती, डोळे पुसायला हात मोकळा नाही म्हणून गाल खांद्याला पुसत होती.

शेवटच्या अर्ध्या मिनिटात आकडा एकशे सहावर होता. सात पत्रं हवी होती. आठही जण एकदम जांभया द्यायला लागले, जसे ते दर डावाच्या शेवटी देतात. इतर जोड्यांची नेमकी इथेच त्रेधातिरपीट उडाली होती. चिंगीने मात्र ही घटका हजार वेळा पाहिलेली होती. तिची तर ती आवडती घटका होती. तिने चौघांना घेतलं, दादाने चौघांना घेतलं, एकमेकांना काही सांगावं लागलं नाही. भोंगा वाजला तेव्हा पडद्यावर एकशे चौदा होते.

भोंगा खरोखरच अगदी भिकार होता. पण दुकानातल्या सगळ्यांनी मिळून इतका दंगा केला की तो कुणाला ऐकूच आला नाही. बसवाल्या बाईंनी चिंगीला मिठी मारली आणि त्यांच्या नवऱ्याने दादाला विचारलं की घोरक्याचं ते सोंग ओळखायचं कसं.

दुकानदार बाईंनी खोक्याबरोबर एक जुनं यंत्रही आठवड्यासाठी उसनं दिलं. आतली पुस्तिका कधीच हरवली आहे, एवढं मात्र त्यांनी आधीच सांगितलं. ऊन उतरायच्या आत दोघं दादाच्या घरी पोचली, टीव्हीच्या मागे डोकं घालून तारा जोडल्या आणि सोफा सोडून जमिनीवर बसली. पडदा उजळला. स्टेशन आलं, शिट्टी फुंकणारी लाल आगगाडी आली, आणि फलाटावर आपापली बोचकी घेऊन आठ गबदुले. त्यांच्या डोक्यावर मुंग्यांसारख्या अक्षरांच्या चार ओळी उमटल्या.

चिंगीच्या पर्समध्ये फोन होता, आणि तो नुसता पडद्यासमोर धरला असता तर त्याने चारही ओळींचं भाषांतर दोन सेकंदांत करून दिलं असतं. तिने पर्स सोफ्यामागे सरकवली.

"दादा, यात काय करायचं असतं?"

दादाने चष्मा नाकावर नीट बसवला, पुढे वाकला, आणि प्रत्येक अक्षरावरून बोट फिरवत चारही ओळी मनातल्या मनात वाचल्या.

"यात," तो म्हणाला, "गाडी चुकवायची असते."

"आठही जणांची?"

"आठही जणांची. एकसुद्धा चढता कामा नये."

"बरं," चिंगी म्हणाली.

ते काही सोपं नव्हतं. मास्तर सारखा दाराकडे धावायचा, त्याला मागे ओढून बाकावर बसवावं लागायचं, तोवर लाजरी पायरीवर चढलेली असायची. दोघं ओरडत होती, एकमेकांना कोपराने ढकलत होती, दादाची पाठ धरल्याचं दादाच विसरला होता. शेवटी गाडी रिकामी सुटली आणि फलाटावर आठही गबदुले ओळीत बसून, बोचकी सोडून, जाणाऱ्या गाडीला टाटा करत राहिले. पडद्यावर मोठी अक्षरं आली.

"काय लिहिलंय?" चिंगीने विचारलं. तिचे दोन्ही हात आधीच वर जायला लागले होते.

दादाने चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला आणि तिच्याकडे बघत वाचून दाखवलं.